गनमधलं कुंकू

मी ज्याला एअरब्रश म्हणते त्याला माझे सासरे गन म्हणतात आणि सासूबाई पिचकारी म्हणतात. वस्तू एकच. पेनाएवढी, वर बोटाने दाबायचं बटण, मध्ये रंगाचा इवलासा उघडा कप आणि खालून कॉम्प्रेसरची नळी. बटण दाबलं की हवा सुटते, मागे ओढलं की हवेबरोबर रंग सुटतो. मी घरी केक करते आणि त्या केकांवर या ब्रशने आकाश, समुद्र, मोराचा पिसारा, लोक मागतील ते उडवते. नाशिकला सिडकोतल्या आमच्या घराची मागची खोली त्यापायी कायमची माझी झाली आहे. तिथली वस्तू कुणी न विचारता हलवली की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

तरी गेल्या वर्षी या खोलीत विमान शिरलं.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात रंगखात्यात होते. सगळी नोकरी त्यांनी विमानं रंगवली. मी नवा नवा ब्रश घेतला तेव्हा ते दारात उभे राहून बघायचे. मग न राहवून म्हणायचे, हात थांबवू नकोस, हात थांबला की डाग पडतो. मला राग यायचा. थोड्या दिवसांनी लक्षात आलं की ते बरोबर सांगताहेत, मग त्याचाही राग यायचा.

बाबांनी स्वतः मात्र माझा ब्रश कधी हातात घेतला नाही. त्यांचे हात थरथरतात. निवृत्तीनंतर हळूहळू सुरू झालं ते. गोळ्या चालू आहेत, पण शर्टाची बटणं लावायला त्यांना सकाळी बराच वेळ लागतो. आई, म्हणजे सासूबाई, त्यांच्या कपात चहा अर्धाच ओततात आणि तो संपला की उरलेला देतात. हे असं का, ते आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नाही.

आता सिन्नरच्या काकांचं सांगायला हवं, कारण विमान आलं ते त्यांच्यामुळे. काका बाबांच्याच खात्यात इन्स्पेक्टर होते. बाबांनी रंगवायचं आणि काकांनी तपासायचं. काका हातात बॅटरी घेऊन यायचे, तिचा झोत पंखावर आडवा मारायचे आणि रंगाखाली अडकलेला धुळीचा कणसुद्धा शोधून त्याभोवती खडूने गोल काढायचे. मग बाबांनी तो भाग घासून पुन्हा रंगवायचा. दोघांची रोज जुंपायची आणि रोज दोघं एकाच डब्यात जेवायचे. काकांनी पहिल्या खेपेला पास केलेलं एकही विमान बाबांना आठवत नाही. आणि पास झालं तरी हा माणूस तोंडाने ‘पास’ म्हणायचा नाही. विमान शॉपच्या, म्हणजे रंगवायच्या शेडच्या, बाहेर काढताना त्याच्या नाकाला कुंकू लावायचे आणि पुढे नारळ फोडायचे, तशी रीत होती. काका बॅटरी बंद करून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, नारळ आणा. तेवढं ऐकलं की बाबा सुटले.

त्याच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बाबा बसने सिन्नरला जाऊन त्यांना भेटून आले आणि पायातल्या चपला न काढता दारापुढच्या ओट्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं तर ते तसंच हातात धरून बसले. मग म्हणाले, ओळखलं नाही त्यानं. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं माझ्याकडे.

त्यानंतर पुष्कळ दिवस ते खुर्चीतच बसून असायचे. आणि एके दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगून विमानाचं किट मागवलं. प्लास्टिकचे सुटे भाग, चिकटवून विमान करायचं. मिग, त्यांच्या काळातलं, चंदेरी. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की माणूस ओळखला नाही तरी विमान ओळखेल. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. मला तर तो निव्वळ वेडेपणा वाटत होता, पण मी बोलले नाही, कारण ते निदान खुर्चीतून उठून टेबलाशी बसायला लागले होते.

सकाळची गोळी लागू पडली की त्यांचा हात थोडा वेळ स्थिर असतो. तेवढ्या वेळात, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर दाबून, ते एखादा भाग चिकटवायचे. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ठेवायचे. आई मग दिवसभर चिमटे शोधत फिरायच्या. असं करत करत, महिन्यामागून महिने, विमान उभं राहिलं. चाकं तेवढी मी बसवून दिली. आणि मग एका संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन थांबले. आत नाही आले. जमिनीकडे बघत म्हणाले, रंगवून देशील का?

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं काय, तर ज्या कामावर त्यांचा सगळा जीव, नेमकं तेच. मला गलबलून आलं. मी हो म्हटलं, त्यात काय एवढं म्हटलं, आणि ते वळल्यावर कपाळावर हात मारला. केकचा रंग पाण्यासारखा असतो. प्लास्टिकचा हा रंग थिनरमधला, आणि त्यातही चंदेरी, ज्यात धूळ, बोटाचा ठसा, काहीही लपत नाही.

केकच्या ब्रशमध्ये थिनर घालणं शक्यच नव्हतं. माझ्याकडे एक जुना ब्रश पडलेला होता. थुंकतो म्हणून मी तो बाजूला टाकला होता. थुंकतो म्हणजे छान बारीक धुकं पडता पडता मध्येच टप्पकन थेंब टाकतो. तोच काढला. केकबरोबर द्यायचे प्लास्टिकचे चमचे माझ्याकडे ढिगाने असतात, त्यांच्यावर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी ब्रशने फक्त हवा सोडली. दुसऱ्या दिवशी आतली रबरी कडी थिनरने फुगली आणि बटण दाबलं ते वर येईना. मी चिडून तो ब्रश भाकरीच्या पिठाच्या डब्यावर आपटला. बाबांनी तो उचलला, बघितलं आणि प्लंबर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आणायला सांगितली. ती बारीक कापून कडीच्या जागी गुंडाळली, मीच, ते सांगतील तशी, आणि बटण सुटलं. मग कॉम्प्रेसरमधून रंगाबरोबर पाणी यायला लागलं. हवा दमट, टाकीत पाणी साठतं, ते आधी सोडून द्यायचं असतं. हे मला केक करतानाही माहीत नव्हतं. तरीच माझे ढग अधूनमधून रडायचे.

असे आमचे चमचे रंगवणं चालू असताना सिन्नरहून काकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा बडोद्याला नोकरीला आहे. तो दसऱ्याला येणार आणि दुसऱ्या दिवशी दोघांना कायमचं घेऊन जाणार. घराला कुलूप. काकूंनी सहज सांगितलं, बाबांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. नवरात्र बसलेलं होतं. विमान अजून नुसतं करडं प्लास्टिक होतं. आता नाही दिलं तर कधीच नाही, हे कुणी न सांगता आम्हा सगळ्यांना कळलं.

चंदेरीच्या खाली आधी चकचकीत काळा द्यावा लागतो, म्हणजे वरचं चंदेरी पत्र्यासारखं दिसतं. अष्टमीला मी काळा दिला. ब्रश शहाण्यासारखा वागला. काळा वाळला, आता खंडेनवमीला चंदेरी द्यायचं, दसऱ्याला दुपारी सिन्नर गाठायचं, असा माझा हिशोब. नवमीला सकाळी मी इंदिरानगरला एक केक पोचवून परत आले, तर माझ्या टेबलावर ब्रश नाही.

ब्रश देवघरासमोर पाटावर होता. विळी, कात्री, सुरी, नवऱ्याचे पाने, पक्कड, मिक्सरचं भांडं, स्कूटरची किल्ली, आणि या सगळ्यांच्या मधोमध झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन माझा ब्रश. हळदकुंकू लावलेला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात आणि पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पण एअरब्रशला कुणी हत्यार समजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, आई, मला आज रंगवायचंय. आई म्हणाल्या, आता उद्याच. मी आशेने बाबांकडे वळले, तर तिथे आणखीनच. शॉपमध्ये या दिवशी कुणी गनला हात लावत नसे, असं त्यांनी मला ऐकवलं. आणि बाकीची पूजा आईंनी केली असली तरी गनची त्यांनी स्वतः केली होती. शॉपमध्ये सगळ्यात जुन्या माणसाने गनला कुंकू लावायचं असतं, शेवटची काही वर्षं तो मान त्यांचा होता. हे सांगताना त्यांची मान ताठ झाली. नवराबायको एरवी पंख्याच्या वेगावरून भांडतात, त्या दिवशी मात्र एकीने माझ्यासमोर उभे. मी पाय आपटत पुऱ्या लाटायला गेले.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून मी सगळ्यात आधी ब्रश उचलला. वरचं हळदकुंकू पुसलं. कपात चंदेरी ओतलं आणि चमच्यावर उडवून बघितलं. आधी काहीच नाही. मग खरखर. मग थू करून एक ठिपका पडला, गुलाबी.

मी कप उजेडात धरून बघितला. तळाशी, जिथून रंग ब्रशमधल्या सुईकडे उतरतो तिथे, कुंकवाचा लाल चिखल झाला होता. थिनरमध्ये त्याचा रंग सुटत होता आणि कण ब्रशच्या तोंडातल्या नोझलमध्ये जाऊन बसले होते. नोझल केवढं, तांदळाच्या कणीएवढं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आई तोरण लावून नुकत्याच आत आल्या होत्या, त्यांच्यावरच सुटला. पूजा करायची तर वरून करा, कपात चिमूट ओतायची काय गरज होती, आज एक दिवस हातात आहे, आता हे कधी साफ होणार आणि कधी रंगणार, वगैरे वगैरे. आई ऐकून घेत होत्या. एरवी त्या मला एकाला दोन ऐकवतात. त्या दिवशी त्यांनी दाराबाहेर बघितलं. बाबा ओट्यावर आपट्याची पानं निवडत होते, पान उचलायचं आणि ते बोटांतच थरथरायचं. आई माझ्या अगदी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्याच हातून सांडलं असं म्हण. त्यांना कळलं तर ते आज सिन्नरला यायचे नाहीत.”

माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं. गनची पूजा बाबांनी केली होती. ते तर त्यांनी मला मान ताठ करून सांगितलं होतं. थरथरत्या चिमटीतलं कुंकू त्या उघड्या कपात पडलं होतं आणि त्यांना दिसलंही नव्हतं. शॉपमधली गन केवढी मोठी, रंगाच्या डब्याला झाकण. तिच्या अंगावर कसंही कुंकू लावा. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी तसंच लावलं. मला इतकं वाईट वाटलं की राग कुठे गेला ते कळलंच नाही.

तेवढ्यात बाबा दारात. काय झालं? मी म्हटलं, ब्रश जुना आहे, भंगार आहे, तुंबला. आणि पटकन म्हटलं, मी माझा नवा वापरते. म्हणताना मला कळत होतं की एकदा थिनर गेलं की तो ब्रश केकला बाद, आणि दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर. तरी मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. बाबांचा आवाज एकदम करडा झाला.

“खाण्याची वस्तू आहे ती. लोकांच्या पोरांचे केक होतात त्याने. त्यात थिनर जायचं नाही.”

मग ते आत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसले. म्हणाले, कपात थिनर घाल, तोंडावर बोट धर आणि हवा सोड. मी नोझलवर बोट दाबून बटण ओढलं. हवा उलटी फिरली आणि कपात बुडबुडे आले. गुलाबी बुडबुडे. मी कप हाताआड करायला बघत होते. बाबांनी बघितलं की नाही, मला कळलं नाही. ते म्हणाले, पुन्हा. ओतून दे, पुन्हा घे. थिनर गुलाबी यायचं, मग फिकं, मग आणखी फिकं. नोझल काढून वाटीत भिजत घातलं, खाली पंचा अंथरला, कारण ते हातातून निसटलं असतं तर जन्मात सापडलं नसतं. त्याच्या भोकात जाईल असं घरात काही मिळेना. आईंनी नव्या टूथब्रशचा एक केस उपटून आणून दिला आणि काही न बोलता पुन्हा श्रीखंड फेटायला गेल्या.

शेवटी चमच्यावर धुकं पडलं. बारीक, सारखं, चंदेरी. माझा जीव भांड्यात पडला.

मी विमान हातात घेतलं आणि बाबा शेजारून बोलायला लागले. लांबून धर. हात चालू ठेव. पंखाच्या बाहेर सुरू कर, बाहेर संपव. काळ्यावर चंदेरी बसायला लागलं आणि माझ्या डोळ्यांसमोर प्लास्टिकचा पत्रा झाला, राखेने घासलेल्या पातेल्यासारखा. पंख झाले, शेपूट झालं, पोट झालं. बाबांचे हात त्यांच्या मांडीवर होते आणि माझा हात जाईल तसे तेही हलत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. फक्त नाक उरलं होतं. नाकावरून मी शेवटचा हात फिरवला आणि ब्रश थुंकला.

वैमानिकाच्या काचेच्या पुढे, नाकावर बरोबर मध्यभागी, एक लाल ठिपका पडला. तिळाएवढा. बघता बघता त्याच्या कडेने गुलाबी पसरलं. कुठल्या तरी सांदीत एक कण दडून बसला होता तो नेमका तेव्हाच सुटला. ओलं चंदेरी पुसता येत नाही, पुसलं की खालचा काळा वर येतो. वरून आणखी मारलं तर गुलाबी त्यातूनही वर येणार. घासून पुन्हा काळा द्यायचा तर दिवस हवा, आणि दिवस नव्हता. मी तो ब्रश भिंतीवर फेकणार होते, बाबा शेजारी होते म्हणून नाही फेकला.

बाबांनी ड्रॉवरमधून बॅटरी काढली. झोत आडवा मारून नाकाजवळ नेला, झोत थरथरत होता. बराच वेळ बघितलं, बंद केली आणि म्हणाले, रिजेक्ट. हे त्याच्यासमोर मी कसं नेऊ? दुसरं कुणीही असतं तरी चाललं असतं. मी समजावून सांगितलं, की काकांना काय दिसणार आहे, त्यांना माणूस ओळखू येत नाही. ते म्हणाले, मला तर दिसतंय. आणि उठून ओट्यावर जाऊन बसले.

मी हात टेकले होते. आईंनी टेकले नाहीत. त्यांनी जेवणं उरकली, नवी साडी नेसल्या, काकूंसाठी श्रीखंडाचा डबा घेतला आणि बाबांना म्हणाल्या, मी गाडीत बसते. जाऊन बसल्यासुद्धा. माझा नवरा अंबडला कंपनीतल्या मशीनच्या पूजेला गेलेला, म्हणून गाडी मीच काढली. विमान वाळलं होतं, ते केकच्या खोक्यात ठेवलं, ते माझ्या मांडीवर कसं राहणार, म्हणून मागे आईंच्या मांडीवर दिलं. बाबा ओट्यावर थोडा वेळ बसले आणि मग येऊन पुढे बसले. रस्त्याच्या कडेला शिंदे गावापर्यंत झेंडूचे उरलेले ढीग होते.

सिन्नरच्या घरात सामान बांधून झालं होतं. खुर्च्यांवर चादरी, भिंतीवरचे फोटो उतरवलेले. मुलगा आत दोऱ्या बांधत होता. काका पुढच्या खोलीत दाराशी खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी त्यांना पूर्वी बघितलं होतं ते धिप्पाड, खणखणीत आवाजाचे. आता शर्टातच हरवले होते. बाबा पुढे झाले, आपट्याचं पान त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि म्हणाले, सोनं घे रे. काकांनी पान बघितलं, बाबांना बघितलं आणि पान तोंडाकडे नेलं. काकूंनी ते हळूच काढून घेतलं.

“असंच चालू हाय,” त्या म्हणाल्या. “बोलत नाय, वळखत नाय. नुसते बघत राहत्यात.”

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. मी खोका पुढे केला तर मान हलवली, राहू दे. काकूंना वाटलं केकच आणलाय, त्या बशा आणायला आत गेल्या. बाबांचा चेहरा मला बघवेना. मी त्यांना न विचारताच खोक्याचं झाकण उघडलं आणि विमान काकांच्या मांडीवर ठेवलं.

काही वेळ ते तसंच राहिलं. मग काकांचा डावा हात आला. त्यांनी विमान उचललं, डोळ्यांच्या रेषेत आणलं आणि दारातून येणाऱ्या उन्हाकडे आडवं केलं. असं तिरकं, की पंखावरून उजेड घसरत जावा. बाबा उभे राहिले. काकांनी विमान सावकाश फिरवलं, अंगठा पंखावरून नेला, पोटाखालून नेला, मग नाकाकडे आणला. लाल ठिपक्यावर अंगठा थांबला.

बाबा नव्या पोरासारखे चाचरत बोलायला लागले, की गन जुनी होती, दिवस कमी होते, उद्या घासून पुन्हा मारला असता पण तू चाललास. काकांचं लक्ष त्या ठिपक्यावर होतं. त्यांचे ओठ एका बाजूने हलत होते, आवाज येत नव्हता. मग काहीतरी आलं, घशातलं, अर्धवट. काकू बशा घेऊन दारातच थांबल्या. काकांनी मान वर केली, सरळ बाबांकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाले, या वेळी स्पष्ट.

“नारळ आण.”

बाबा उभ्याउभ्या रडायला लागले. माणूस रडतो तेव्हा हाताने तोंड झाकतो, बाबांनी तेही केलं नाही. मी तर उघडपणे रडत होते. आतून मुलगा धावत आला, त्याला वाटलं काहीतरी झालं. काकूंनी देवापुढचा नारळ आणून बाबांच्या हातात दिला. पायरीवर बाबांनी तो आपटला, हात थरथरून तो निसटला आणि गडगडत गेला. मुलगा घ्यायला पुढे झाला, आईंनी त्याला हात आडवा केला. बाबांनी स्वतः जाऊन नारळ उचलला, पुन्हा आपटला, पुन्हा आपटला आणि फोडला. पाणी पायरीभर झालं. काकांनी त्या दिवशी दुसरा शब्द उच्चारला नाही, बाबांचं नावही घेतलं नाही. पण आम्ही निघेपर्यंत त्यांनी विमान हातातून खाली ठेवलं नाही, आणि काकूंनी नंतर फोनवर सांगितलं की बडोद्यापर्यंत ते त्यांच्या मांडीवर होतं.

येताना बाबा पुढे माझ्या शेजारी बसले होते. घाट लागला तेव्हा मागे न बघता ते आईंना म्हणाले, कुंकू माझ्याच हातून पडलं होतं. सकाळी हिचा आवाज ऐकला, मग बुडबुडे दिसले मला. तू उगाच स्वतःवर घेतलंस.

आई म्हणाल्या, मग तेव्हाच बोलायचं नाही का? सणाच्या दिवशी सुनेची बोलणी खाल्ली मी.

मला हसू आवरेना आणि डोळेही पुसता येईनात, समोर घाटाचं वळण होतं. घाट उतरल्यावर बाबा काचेबाहेर बघत म्हणाले, एका खेपेत पास केलं त्यानं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, बघ ना, एका खेपेत. नाशिक येईपर्यंत त्यांचं हेच चालू होतं, आणि आईंनी एकदाही त्यांना आता पुरे म्हटलं नाही.